बिवा तलाव साबणाने कसा वाचला, आणि साबण पुरेसा का पडला नाही

उन्हाळा तोंडावर आला की मराठी वर्तमानपत्रांत एक छायाचित्र ठरलेलं असतं. रंकाळा, पवना, नाहीतर उजनीचा फुगवटा. पाण्यावर जलपर्णीचा थर, काठावर एक पोकलेन आणि खाली ओळ: अमुक लाखांची निविदा. पुढच्या वर्षी छायाचित्र तेच, आकडा तेवढा वाढलेला. एवढा पैसा ओतून तलाव स्वच्छ का होत नाही, हा प्रश्न मग कुणालाही पडावा.

त्याचं उत्तर काठावर उभं राहून मिळत नाही. ते शोधायला घरांच्या मोऱ्यांत, शेतांच्या बांधांवर आणि डोंगरातल्या झाडीत जावं लागतं. जपानमधल्या बिवा तलावाभोवतीच्या माणसांनी हे काम गेली पन्नास वर्षं चालवलं आहे. त्यांना पूर्ण यश मिळालेलं नाही, आणि म्हणूनच ती हकिकत आपल्या कामाची आहे. यशाच्या गोष्टीत वळणं कापून टाकलेली असतात. इथे ती सगळी दिसतात.

पाणी हिरवं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

शेवाळाला वाढायला पिकासारखंच खत लागतं. ऊन आणि कार्बन फुकट मिळतो, नायट्रोजनही बऱ्यापैकी असतो. गोड्या पाण्याच्या तलावात बहुधा तुटवडा असतो तो फॉस्फरसचा. घरात पोतंभर कणीक आहे, डबाभर गूळ आहे, पण हरभऱ्याची डाळ वाटीभरच आहे, तर पुरणपोळ्या त्या वाटीच्या हिशेबानेच होणार. तलावात ही वाटी म्हणजे फॉस्फरस. बाहेरून कुणी डाळ ओतत राहिलं, तर शेवाळ थांबण्याचं कारणच उरत नाही.

हा फॉस्फरस येतो सांडपाण्यातून, रासायनिक खतांतून, शेणामुतातून, मातीच्या कणांना चिकटून आणि कपडे धुण्याच्या पावडरीतून. पावडरीत फॉस्फेट (फॉस्फरसचा क्षार) घालायचे, कारण जड पाण्यातला कॅल्शियम ते धरून ठेवतं आणि कपडे चांगले निघतात. धुण्याचं काम झालं की ते मोरीतून निघून जातं. पाण्यात पोषणद्रव्यं अशी गरजेपेक्षा जास्त साचणं याला अतिपोषण म्हणतात.

पुढची साखळी जास्त वाईट आहे. माजलेलं शेवाळ मरतं, तळाशी जातं आणि कुजतं. कुजताना तळाचा प्राणवायू संपतो. प्राणवायू असेपर्यंत गाळातल्या लोहाने फॉस्फरस बांधून ठेवलेला असतो. तो संपला की हा फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. म्हणजे एका टप्प्यानंतर तलाव स्वतःच स्वतःला खत घालू लागतो. जलपर्णी काढण्याच्या निविदा दरवर्षी का निघतात, ते यातून कळेल. त्यातून काढलेली जलपर्णी काठावरच टाकून दिली, तर ती तिथे कुजते आणि पहिल्या पावसात तिचा रस परत तलावात उतरतो. एवढ्या खर्चात आपण खत फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो.

बिवाच का?

बिवा हा जपानमधला सर्वांत मोठा तलाव. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी १०० मीटरहून जास्त पाणी. वय चाळीस लाख वर्षं सांगतात, म्हणजे जगातल्या मोजक्या प्राचीन तलावांपैकी एक. त्याच्या भोवतीचा शिगा प्रांत डोंगरांच्या कड्यात बसलेला आहे आणि प्रांताचा सहावा हिस्सा तलावानेच व्यापला आहे. शंभराहून जास्त नद्या-ओढे त्यात येतात. बाहेर पडणारी नैसर्गिक नदी एकच, सेता. तिचंच पुढे योदो होतं आणि ती ओसाकाला समुद्राला मिळते. क्योतो, ओसाका, कोबे या पट्ट्यातली जवळजवळ दीड कोटी माणसं हे पाणी पितात.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेवढ्या जमिनीवरचं पाणी तलावात उतरतं, ते पाणलोट क्षेत्र, आणि शिगा प्रांताची हद्द, या दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. तलाव बिघडवणारे, तलावाकाठी राहणारे आणि तलावाबद्दल कायदा करणारे एकाच मतदारयादीत आहेत. अशी सोय फार कमी तलावांच्या नशिबी असते. उजनीच्या तर नाहीच. पण तिकडे शेवटी येऊ.

मे १९७७: नळाला माशाचा वास

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये कारखाने वाढले, वस्ती वाढली, धुण्याची यंत्रं घरोघर आली. मे १९७७ मध्ये बिवाच्या पाण्यावर तांबूस-तपकिरी पट्टे उठले. युरोग्लेना नावाच्या सूक्ष्म शेवाळाची ही लाट होती. पाण्याला माशासारखा उग्र वास येऊ लागला आणि तो नळापर्यंत पोचला. पुढची कित्येक वर्षं ही लाट वसंतात पुन्हापुन्हा येत राहिली.

गृहिणी मात्र त्याआधीपासूनच कामाला लागल्या होत्या, आणि कारण तलाव नव्हतं. कृत्रिम पावडरीने हातांना इसब होतं, बाळांच्या लंगोटाच्या जागी पुरळ उठतं, अशी त्यांची तक्रार होती. त्यासाठी महिला मंडळं आणि ग्राहक गट तेला-चरबीपासून केलेल्या साबणाच्या पावडरीकडे वळत होते. १९७७ च्या लाटेने हा घरगुती प्रश्न तलावाच्या प्रश्नाला जोडून दिला. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतण्याऐवजी गोळा करायचं आणि त्याचा साबण करायचा, हा उद्योगही यातूनच वाढला. एका दगडात दोन पक्षी: तेल पाण्यात जात नाही आणि पावडर विकत घ्यावी लागत नाही.

अशा कथा सांगताना ‘लोकांना निसर्गाची जाणीव झाली’ असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. मला ते खरं वाटत नाही. बिवाभोवती जे जमले त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचं एक कारण होतं. आईला बाळाचं पुरळ, कोळ्याला जाळ्यात अडकणारा चिकट गाळ, शेतकऱ्याला (पुढे येईलच) तांदळाचा भाव. तलाव ही या कारणांची भेटायची जागा झाली. तळमळीपेक्षा गरज जास्त टिकते.

कायद्यात भेटवस्तूंचं काय काम?

शिगाच्या विधानसभेने ऑक्टोबर १९७९ मध्ये अतिपोषण रोखण्याचा स्थानिक कायदा मंजूर केला आणि तो १ जुलै १९८० पासून लागू झाला. मासायोशी ताकेमुरा तेव्हा गव्हर्नर होते. कारखान्यांच्या सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस किती चालेल याची मर्यादा जपानमध्ये पहिल्यांदा या कायद्याने घातली. आणि घरगुती वापरासाठी त्याने काय सांगितलं? फॉस्फरस असलेली पावडर प्रांतात विकायची नाही, वापरायची नाही, आणि कुणाला भेट द्यायची नाही.

भेटीची बंदी ऐकून आपल्याला हसू येतं, पण ते कलम ज्याने घातलं त्याला आपला समाज नीट ठाऊक होता. जपानमध्ये उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस नातलगांना, वरिष्ठांना भेटी पाठवायची रीत आहे आणि धुण्याच्या पावडरीचे खोके ही त्यातली नेहमीची वस्तू होती. दुकानात बंदी घातली आणि टपालाने खोके येतच राहिले, तर कायद्याचं हसं झालं असतं.

कृत्रिम पावडर बनवणाऱ्या उद्योगाने कडाडून विरोध केला. एका प्रांताला असा अधिकारच नाही, हा त्यांचा मुद्दा. तरी कायदा टिकला, कारण तो येईपर्यंत साबण वापरणाऱ्या घरांचं प्रमाण बरंच वर गेलं होतं; १९८० च्या सुमारास ते सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचलं. बहुसंख्य माणसं आधीच करत असलेली गोष्ट कायद्याने पक्की केली. उलट क्रमाने, म्हणजे आधी फर्मान आणि मग सवय, हे घडलं असतं तर घरोघरच्या मोऱ्या तपासायला पोलीस कुठून आणले असते?

कंपन्यांनी डाव उलटवला, मग चळवळ हरली का?

हा पहिला खरा आक्षेप. कायदा लागू होता होता कंपन्यांनी फॉस्फरस नसलेली कृत्रिम पावडर बाजारात आणली. ती कायद्यात बसत होती आणि वापरायला सोपी होती. साबण थंड पाण्यात नीट विरघळत नाही, कपड्यांवर पांढरट थर राहतो. बायांनी तो नेटाने वापरला होता, पण पर्याय मिळताच वापर घसरला. काही कार्यकर्त्यांना हा पराभव वाटला. त्यांचा आक्षेप सगळ्याच कृत्रिम रसायनांवर होता.

तलावाच्या बाजूने पाहिलं तर हिशेब वेगळा निघतो. कंपन्यांनी सूत्रच बदललं, म्हणजे ज्यांना चळवळीशी काही देणंघेणं नव्हतं त्यांच्याही मोरीतून फॉस्फरस जाणं थांबलं. शिवाय साबणही निर्दोष नाही. तो जास्त प्रमाणात लागतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो, हे तेव्हाही सांगितलं जात होतं. माझ्या मते चळवळ साबणावर हरली आणि फॉस्फरसवर जिंकली.

उरलेल्या तेलाचं काय झालं, हा त्यातला गमतीचा भाग. गोळा करायची सवय राहिली, साबणाची मागणी गेली, तेल साचू लागलं. बिवाच्या पूर्वेकडच्या आइतो या छोट्या गावात १९९८ मध्ये एक वाट काढण्यात आली. भाताचं उत्पादन जास्त होतं म्हणून सरकारने पडीक ठेवायला लावलेल्या खाचरांत मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक घ्यायचं. तेल स्वयंपाकाला, पेंड शेताला, आणि तळून उरलेलं तेल गोळा करून त्याचं डिझेलसारखं इंधन ट्रॅक्टरला. पिवळी फुलं बघायला लोक येऊ लागले हा वरचा फायदा. जपानभर अनेक गावांनी हा प्रयोग पुढे उचलला.

सांडपाणी प्रकल्प बांधा की, लोकांना कशाला त्रास?

रास्त प्रश्न आहे, आणि अर्धं उत्तर ‘हो, बांधायलाच हवेत’ असंच आहे. १९८३ मध्ये बिवाच्या उथळ दक्षिण भागात निळं-हिरवं शेवाळ पहिल्यांदा दिसलं. म्हणजे कायदा लागू होऊन तीन वर्षं झाली तरी संकट नव्या रूपात हजर. नुसत्या सवयींनी भागत नाही हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं. १९८० च्या दशकापासून शिगाने मलनिस्सारणावर प्रचंड खर्च केला. आज तिथली नव्वद टक्क्यांहून जास्त वस्ती मलवाहिनीला जोडलेली आहे. वाहिनीच्या टोकाची शुद्धीकरण केंद्रंही साधी नाहीत. सेंद्रिय घाण काढून झाल्यावर नायट्रोजन आणि फॉस्फरसही वेगळा काढणारा आणखी एक टप्पा त्यांत आहे. आपल्याकडे ‘एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) बसवला’ असं वाचलं की हा टप्पा त्यात आहे का, हे विचारायला हवं. तो नसेल तर बाहेर पडणारं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण शेवाळाच्या वाटीत डाळ पडतच राहते.

पण नळी तिथेच काम करते जिथे पाणी नळीत येतं. घरं आणि कारखाने नळीत आले की उरतं ते जमिनीवरून पसरून येणारं पाणी: शेतं, रस्ते, डोंगरउतार. त्याला एक तोंड नसतं, म्हणून एक झडपही लावता येत नाही. हजारो शेतकऱ्यांनी आपापल्या बांधावर काहीतरी करणं, एवढाच उपाय उरतो.

चिखलणीचं पाणी

कोकणात किंवा मावळात वाढलेल्याला हे चित्र समजावून सांगायला नको. भातलावणीआधी चिखलणी होते, खाचरातलं पाणी कढीसारखं गढूळ होतं. शिगात ही चिखलणी मे महिन्याच्या आगेमागे एकदमच सगळीकडे होते. खाचरातलं जादा पाणी चरात सोडलं की माती, खत आणि तणनाशक असं तिन्ही तलावात जातं. त्या दिवसांत नद्यांच्या मुखाशी तपकिरी पाण्याचे पंखे उघडलेले दिसत.

उपाय सांगायला सोपे आहेत. चिखलणी कमी पाण्यात करायची. बांधाची बिळं, भेगा आधी बुजवायच्या. पाण्याच्या तोंडाशी फळी घट्ट बसवायची आणि गढूळ पाणी निवळेपर्यंत सोडायचं नाही. काही ठिकाणी चरातलं पाणी पंपाने उचलून पुन्हा खाचरात फिरवतात. यातल्या कशालाही मोठं तंत्रज्ञान लागत नाही, पण प्रत्येकाचा वेळ आणि लक्ष लागतं.

शेतकऱ्याने हे का करावं? शिगाने २००४ पासून त्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. कीटकनाशकं आणि रासायनिक खतं नेहमीच्या निम्म्यावर आणायची, गढूळ पाणी रोखायचं, असा शेतकऱ्याने गव्हर्नरशी करार करायचा. त्याबदल्यात क्षेत्राप्रमाणे थेट रक्कम. जपानमध्ये अशी थेट रक्कम देणारा हा पहिला प्रांत. डोंगरासाठीही असंच केलं. २००६ पासून रहिवाशांकडून जंगल राखण्यासाठी दरडोई वर्षाला ८०० येनचा कर घेतला जातो. दक्षिणेकडच्या तानाकामी डोंगरांचा अनुभव त्यांच्यासमोर होता. प्राचीन राजधान्यांच्या वाड्यांसाठी आणि मंदिरांसाठी तिथली झाडं तुटली, डोंगर बोडका झाला, वाळू वाहत राहिली आणि पुन्हा झाडं लावायचं काम एकोणिसाव्या शतकात सुरू होऊन पुढे शतकभर पुरलं.

चढणीचे मासे

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. पहिल्या पावसात ओढ्याला लोंढा आला की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, खाचरांत शिरतात आणि अंडी घालतात. चढणीचे मासे किंवा वलगणीचे मासे म्हणून आपल्याकडे ते त्या रात्री धरलेही जातात. बिवाचं अगदी तसंच होतं. निगोरोबुना नावाचा कार्पच्या कुळातला मासा, शिवाय कार्प आणि मागुरासारखे मिशाळ मासे, वसंतातल्या पावसात तलावातून काठच्या खाचरांत येत. उथळ, कोमट, सूक्ष्म जिवांनी भरलेलं खाचर म्हणजे पिल्लांचं पाळणाघर. निगोरोबुनाचं महत्त्व असं की फुनाझुशी हा शिगाचा जुना पदार्थ त्याच्यापासून होतो. मासा आधी मिठात आणि मग शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने आंबवतात. वास असा की पाहुणे पळतात, पण गावचा माणूस जीव टाकतो.

मग शेतं सुधारली. यंत्र चालावं म्हणून खाचरं मोठी आणि चौकोनी केली, पाणी झटकन निघावं म्हणून चर खोल खणले. खाचर आणि चर यांच्यात मीटरभराची उडी पडली. मासा ती चढू शकत नाही. तलावाच्या काठाने बंधारे आणि रस्ते झाले, बोरूची बेटं निम्म्यावर आली. पुराच्या भीतीने जूनच्या मध्याला तलावाची पातळी मुद्दाम उतरवली जाऊ लागली, तर बोरूत घातलेली अंडी कोरडी पडू लागली.

२००० नंतर शिगाने ‘माशांचा पाळणा’ म्हणून भातशेतीची योजना आणली. करायचं एवढंच: चरात ठरावीक अंतरावर फळ्या आडव्या लावायच्या, प्रत्येक पायरी साधारण १० सेंटिमीटरची. पाणी फळीवरून पडतं, चर पायरीपायरीने भरतो आणि सगळ्यांत वरची पातळी खाचराच्या तोंडाशी येते. पावसाच्या रात्री मासा एकेक फळी उडी मारून चढतो. जूनमध्ये मुळं बळकट व्हावीत म्हणून भातातलं पाणी काही दिवस काढतात. तेव्हा तीन-चार सेंटिमीटरची पिल्लं त्या पाण्याबरोबर चरातून तलावात उतरतात. तणनाशक वापरायचं तर माशांना कमीत कमी घातक असलेलंच. एवढं पाळलं तर तांदळाच्या पिशवीवर योजनेची खूण लावता येते.

ही योजना एकट्याने करता येत नाही, हे तिचं वैशिष्ट्य. चर सामाईक असतो. फळ्या लावल्या की त्या चरावरच्या सगळ्यांच्या खाचरांची निचऱ्याची पातळी वाढते. एकाने नाही म्हटलं तर कुणाचंच होत नाही. म्हणून आधी बैठक घ्यावी लागते, फळ्या कधी लावायच्या, कधी काढायच्या, कुणी लक्ष ठेवायचं हे ठरवावं लागतं. पिल्लं मोजायला शाळेची पोरं येतात.

‘जपानी लोकच शिस्तीचे, आपल्याकडे जमणार नाही’

हा आक्षेप येतोच. पण महायुद्धानंतरचा जपान आठवा. मिनामाताचं पारा-प्रदूषण तिथलंच, आणि बिवा बिघडवला तोही याच शिस्तीच्या लोकांनी. फरक स्वभावापेक्षा व्यवस्थेत शोधलेला बरा. गावोगावी रहिवासी मंडळं, महिला मंडळं, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आधीपासून होत्या आणि चर साफ करायच्या दिवशी घरटी एक माणूस हजर राहायचा रिवाज होता. नवं काम जुन्या मंडळांनी उचललं.

ताकाशिमा शहराच्या हद्दीतल्या हारिए या वाडीत ही व्यवस्था घरातच दिसते. तिथे झऱ्याचं पाणी घराच्या आत किंवा शेजारच्या खोपीत बांधलेल्या टाक्यांत येतं. त्याला काबाता म्हणतात. पहिल्या टाकीचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. ते ओसंडून दुसऱ्या, मोठ्या टाकीत जातं. तिथे भांडी विसळतात आणि पाळलेले कार्प मासे खरकटी शितं खाऊन टाकतात. तिथून पाणी पाटात, पाटातून पुढच्या घराकडे आणि शेवटी तलावात. शेजारणीच्या दारातून वाहणाऱ्या पाण्यात पावडर सोडायला कुणाचा हात धजेल?

आपल्याकडेही हे परकं नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी पाणी वाटायचा, पाट साफ करायला सगळे शेतकरी यायचे, कुठल्या फडात कुठलं पीक हे एकत्र ठरायचं. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलावही गावाच्या कामावरच टिकले होते. तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढायचं काम कुणाचं, हे गावालाच कळेनासं झालं.

मग आता बिवा ठणठणीत आहे?

नाही. फॉस्फरस घटला, पाण्याची पारदर्शकता सुधारली, लाल लाटा विरळ झाल्या. पण दक्षिण भागात पाणी स्वच्छ होऊन ऊन तळापर्यंत पोचू लागलं आणि पाणवनस्पती इतक्या माजल्या की होड्यांचे पंखे अडकू लागले. २००९ मध्ये अमेरिकेकडची एक पिवळ्या फुलांची परकी पाणवनस्पती सापडली. स्वयंसेवक आजही ती हाताने उपटतात, कारण तुकडा राहिला की पुन्हा फुटते.

परक्या माशांची कथा तर राजघराण्यापर्यंत जाते. ब्लूगिल हा मासा १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी युवराज अकिहितो यांना भेट दिला होता. तो संशोधनासाठी दिला गेला, पुढे बिवात पसरला आणि देशी माशांची अंडी खाऊ लागला. सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ मध्ये शिगातल्याच एका जाहीर कार्यक्रमात त्याबद्दल खेद व्यक्त केला. तोवर शिगाने २००३ पासून नियम लागू केला होता की बास (असाच आणखी एक परका मासा) किंवा ब्लूगिल गळाला लागला तर पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. गळाने मासे धरणारे हौशी लोक त्याविरुद्ध कोर्टात गेले. एकमताने झालेलं असं इथे फार थोडं आहे.

आणि एक संकट काठावरच्या कुणाच्याच हातात नाही. दर हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, तळाशी जातं आणि प्राणवायू खाली नेतं. तिथले लोक याला तलावाचा खोल श्वास म्हणतात. २०१९ आणि २०२० अशी सलग दोन वर्षं उबदार हिवाळ्यांमुळे हा श्वास पूर्ण झाला नाही. मोजमाप सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदा घडलं. २०२१ मध्ये तो पुन्हा झाला. वर सांगितलेलं गाळातलं गणित आठवा. तळाला प्राणवायू मिळाला नाही, तर जुना फॉस्फरस सुटायला लागेल आणि त्यावर साबणही चालणार नाही, फळ्याही चालणार नाहीत.

पाणी पिणाऱ्यांनी काय द्यायचं?

शिगाच्या लोकांचा जुना सवाल आहे: राखायचं आम्ही आणि प्यायचं ओसाकाने? १९७२ ते १९९७ या काळात तलावावर मोठी विकासयोजना राबवली गेली, तेव्हा खालच्या शहरांनी खर्चातला वाटा उचलला, कारण त्यांना जास्त पाणी हवं होतं. २०१५ मध्ये राष्ट्रीय संसदेने बिवासाठी स्वतंत्र कायदा केला. तलाव ही साऱ्या देशाची ठेव आहे असं त्यात मान्य झालं. तरी रोजची मेहनत अजून वरच्यांचीच आहे.

उजनीत हे नातं उलटं लागतं. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येणारं सांडपाणी पुणे-पिंपरी-चिंचवडचं, पाणी पिणारं सोलापूर. घाण करणारा एका जिल्ह्यात, सोसणारा दुसऱ्या. शिगात मोरी आणि नळ एकाच घरात होते, म्हणून आईला दोन्ही एकदम दिसले. पुण्यातल्या सोसायटीत मोरीतून गेलेलं पाणी पुढे कुणाच्या नळाला येतं, हे बिलावर लिहिलेलं नसतं. म्हणून उजनीला शिगाची नक्कल करून चालणार नाही. वरच्या शहराने फॉस्फरस काढणारा टप्पा चालवायचा, खालच्याने त्याच्या खर्चात किती भर घालायची किंवा का घालू नये, आणि फुगवट्यावरच्या कोळ्याला आणि ऊस-केळीवाल्याला त्या बैठकीत कुठे बसवायचं, हे आधी ठरावं लागेल. जलपर्णीची निविदा त्यानंतर काढली तरी चालेल.